पोस्टिंग आणि पाळणा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परराष्ट्र सेवेतल्या कुटुंबांकडून या वेळी आलेल्या पत्रांत लसी, शाळा आणि भाषा हे विषय पुन्हापुन्हा आले. बाळाच्या नावावर मरून रंगाचा डिप्लोमॅटिक पासपोर्ट असला, तरी गोवराला, शाळेच्या वयोमर्यादेला आणि विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणून उत्तरं शक्य तितकी तारखा आणि कागदपत्रं धरून दिली आहेत.

मुलगा १४ महिन्यांचा. सगळ्या लसी पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यात वेळेवर झाल्या. दोन महिन्यांनी वॉशिंग्टनला जायचं आहे. तिथल्या पाळणाघराचा फॉर्म भरताना अर्धे रकाने रिकामे राहतात. आमच्याकडून काही राहून गेलं का?

राहून काहीच गेलेलं नाही. दोन देशांची वेळापत्रकं वेगळी आहेत आणि पाळणाघर त्यांच्या नियमाने मोजतं, इतकंच.

सर्वांत जास्त घोळ गोवराच्या लशीचा होतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंड त्यात नाही. शिवाय पहिल्या वाढदिवसाआधी टोचलेला गोवराचा डोस अमेरिकेत शाळेच्या हिशेबात धरतच नाहीत, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तोवर बाळाच्या रक्तात असू शकतात आणि लस पुरती लागू पडत नाही. आपल्याकडे गोवर लवकर गाठतो, त्यामुळे नवव्या महिन्यात लस देणं इथे योग्यच. पण तिकडच्या फॉर्मसाठी निघण्याआधी खासगी बालरोगतज्ज्ञाकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला) घ्या. सरकारी दवाखान्यात १६ ते २४ महिन्यांदरम्यान मिळणारा दुसरा डोसही एमआरचाच असतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही. तिकडे ती १२ ते १५ महिन्यांत देतात. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एक तर एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी टोचायच्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस ठेवायचे. पंधरा दिवसांच्या अंतराने घेतल्या तर दुसरी बाद धरतात आणि मुलाला पुन्हा सुई खावी लागते. निघण्याच्या गडबडीत हेच सर्वाधिक चुकतं. तुमच्या हातात दोन महिने आहेत, तरी दोन्ही एकाच दिवशी उरकून टाका.

बाकीचं तिथे गेल्यावर झालं तरी चालेल. हिब या मेंदुज्वराच्या जिवाणूवरच्या लशीचे तीन डोस पेंटाव्हॅलंट या पाच लसी एकत्र असलेल्या इंजेक्शनातून ६, १० आणि १४ आठवड्यांना झाले असतील, पण वर्षानंतरचा हिबचा बूस्टर आपल्या यादीत नाही. न्यूमोकोकलचा आपला शेवटचा डोस ९ महिन्यांचा. तिकडे एक डोस वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा हवा असतो. हिपॅटायटिस ए चे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने. आणि पोलिओ : एप्रिल २०१६ पासून आपल्या थेंबांतून टाइप २ विषाणू काढून टाकला आहे, त्यामुळे त्यानंतरचे थेंब अमेरिकेत मोजत नाहीत. पोलिओची इंजेक्शनं पुन्हा घ्या असं तिथल्या डॉक्टरने सुचवलं तर वाद घालू नका. जादा डोसाने अपाय होत नाही, वादाने मात्र पाळणाघराचा प्रवेश लांबतो.

आता कार्ड. ‘पेंटा-१’ आणि ‘बूस्टर’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथल्या नर्सला त्यातून काही कळणार नाही. बालरोगतज्ज्ञाकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पान करून घ्या : प्रत्येक लशीत काय काय होतं, कोणत्या तारखेला दिली, किती वयाला दिली, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. महिन्याचं नाव अक्षरांत लिहायला सांगा. आपण ०४/०७ म्हणजे ४ जुलै लिहितो, अमेरिकेत तोच ७ एप्रिल होतो. तीन महिन्यांच्या या फरकात चांगला डोस ‘वयाआधी दिलेला’ ठरू शकतो.

दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाची नोंदही त्याच पानावर हवी. बीसीजी घेतलेल्या मुलाची क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. मूल दोन वर्षांचं झालं असेल तर तिच्याऐवजी रक्ताची ‘इग्रा’ चाचणी मागावी.

मुलगी ७ महिन्यांची, अजून अंगावर पिते. पुढच्या महिन्यात अदिस अबाबाला निघतोय. यलो फीव्हरची लस आम्हा दोघींना आत्ताच घ्यावी का? मलेरियाच्या गोळ्यांचं काय?

मुलीला आत्ता नाही. ही लस ९ महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. अंगावर पिणारं बाळ नऊ महिन्यांपेक्षा लहान असेल तर आईलाही शक्यतो थांबायला सांगतात. भारतातून इथिओपियात शिरताना या लशीचं प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं तिकडून भारतात येताना. नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून पहिली भारतभेट अशी ठरवा की मुलीला नऊ महिने पूर्ण झालेले असतील, दोघींची लस झालेली असेल आणि त्यावर दहा दिवस उलटलेले असतील. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. दर दहा वर्षांनी नवं घ्यायचं हा जुना नियम अजूनही कुणीतरी सांगतं, तो गेला. लस होईपर्यंत देशाच्या सखल, उष्ण भागात सहली नकोत. जाणं भागच असेल तर तुमच्या लशीचा निर्णय डॉक्टरांशी बोलून करा.

नवव्या महिन्यातच गोवराची लसही येते, आणि या दोन्ही जिवंत लसी एकमेकींचा परिणाम कमी करू शकतात. मध्ये किमान चार आठवडे ठेवा. भारतभेटीची घाई नसेल तर गोवर आधी. मुलीला अंड्याची ॲलर्जी दिसली असेल तर टोचण्याआधी सांगा, कारण यलो फीव्हरची लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात.

मलेरियाबाबत अदिस अबाबा सुदैवी आहे. शहर सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे धोका नगण्य. पण रिफ्ट दरीत खाली उतरलात की चित्र बदलतं, त्यामुळे गोळ्यांचा विचार सहलीपुरता करा. मुलांना वजनावर डोस देतात. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखाली सहसा देत नाहीत. डास पळवणारं, डीईईटी हे रसायन असलेलं मलम दोन महिन्यांवरच्या बाळाला चालतं, मात्र हातांना लावू नका. हात तोंडात जातातच. आणि मच्छरदाणी न्या, कुठेही गेलात तरी.

उंचीचा परिणाम स्वयंपाकघरातही होतो. इतक्या वर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. बाळाचं पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक नव्हे, तीन मिनिटं उकळत ठेवा. मऊ भात आणि वरण कुकरशिवाय होणार नाही, आणि कुकरलाही घरच्यापेक्षा एखाद-दुसरी शिट्टी जास्त लागेल. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सामानात टाका.

माझा नवरा वॉशिंग्टनच्या दूतावासात सेकंड सेक्रेटरी, मैत्रिणीचा नवरा न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये. दोघींची बाळंतपणं अमेरिकेतच होणार. तिचं बाळ अमेरिकन ठरेल आणि माझं नाही, असं ऐकलं. खरं?

खरं आहे. पूर्ण राजनैतिक संरक्षण असलेल्या, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘ब्लू लिस्ट’मध्ये नाव असलेल्या अधिकाऱ्याचं मूल तिथे जन्मलं तरी जन्माने अमेरिकी नागरिक होत नाही. कॉन्सुलेटचे अधिकारी आणि दूतावासातले प्रशासकीय व तांत्रिक कर्मचारी त्या यादीत नसतात. त्यांच्या मुलांना आजवर जन्माने नागरिकत्व मिळत आलं आहे. जन्मसिद्ध नागरिकत्वाचा हा नियम जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशानंतर न्यायालयात गेला, तेव्हा मैत्रिणीने बाळंतपणाच्या सुमारास ताजी स्थिती बघावी. घोटाळा असा की जन्मदाखला दोघींनाही सारखाच मिळतो. तो हातात आला म्हणून तुम्ही बाळासाठी अमेरिकी पासपोर्टचा अर्ज करू नका.

भारताच्या बाजूने दोघींना एकच काम : नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवायचा. सोबत बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं आई-वडिलांचं लेखी निवेदन लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. सरकारी नोकरी आहे म्हणून ही नोंद आपोआप होईल, अशी समजूत करून घेऊ नका. मैत्रिणीने कुठलाही पासपोर्ट काढण्याआधी कॉन्सुलर विभागाचा सल्ला लेखी घ्यावा. एकदा अमेरिकी पासपोर्ट काढला की वर सांगितलेलं निवेदन करता येत नाही.

नावाचं मात्र आत्ताच ठरवा. आपल्याकडे बारशापर्यंत वेळ असतो, आणि भारतातल्या जन्मदाखल्यावर नाव मागाहूनही घालता येतं. अमेरिकेत रुग्णालयातून घरी सोडण्याआधी फॉर्म भरून घेतात, म्हणजे साधारण दोन दिवसांत. बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत ठेवायची असेल तर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टवर आहे तेच. आत्याबाईंना फोनवरून कानात कुर्रर्र करायचं असेल तर तेही दुसऱ्या दिवशीच उरकावं लागेल.

मुलाचा जन्म २० ऑगस्ट २०२०चा. आता लंडनला शाळेत आहे. २०२७च्या वसंतात दिल्लीला परतलो तर केंद्रीय विद्यालयात कोणत्या इयत्तेत बसेल?

पहिलीत. आणि त्याला ते खालच्या वर्गात ढकलल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

इंग्लंडमध्ये वर्गाची रेघ १ सप्टेंबरला आहे. तुमचा मुलगा वर्गात जवळजवळ सर्वांत लहान : सप्टेंबर २०२४ला रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), २०२५ला इयर वन, २०२६ला इयर टू. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण हवीत. ३१ मार्च २०२६ला तो साडेपाच वर्षांचा होता, म्हणून त्याची पहिली एप्रिल २०२७ची. महिनाभर उशिरा, २० सप्टेंबरला जन्मला असता, तर लंडनमध्ये एक वर्ष मागे असता आणि दिल्लीतली पहिली मात्र तीच. महाराष्ट्रात ही रेघ ३१ डिसेंबर आहे, त्यामुळे पुण्यात तो जून २०२६लाच पहिलीत गेला असता. तीन शहरं, तीन इयत्ता, मूल एकच.

यात नुकसान नाही. इयर टूपर्यंत आलेलं मूल इंग्रजी सहज वाचतं, पण हिंदीची अक्षरओळख शून्य असू शकते, आणि पहिलीत बसल्याने तिला वर्षभर मिळतं. आमचं मत स्पष्ट आहे : आठ वर्षांच्या आत एक इयत्ता वाचवण्यासाठी खटपट करू नका.

कागदांची खटपट करा. ब्रिटिश शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ देत नाही, कारण तसा कागद तिथे नसतोच. लेटरहेडवर पत्र मागा : जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शेवटी शिकत असलेला वर्ग, सोडल्याची तारीख. त्यावर हाय कमिशनचं साक्षांकन लंडन सोडण्याआधीच करून घ्या. शाळा जुलैअखेर बंद होते आणि ऑगस्टमध्ये सही करायला कुणी सापडत नाही. पुढची नेमणूक काठमांडू, मॉस्को किंवा तेहरानला निघाली तर तिथे केंद्रीय विद्यालयं आहेत, हेही पर्यायपत्र भरताना ध्यानात असू द्या.

पॅरिसला आल्यापासून साडेतीन वर्षांची मुलगी शाळेत चार महिने एक शब्द बोललेली नाही. घरी मराठी बोलते, पण आता त्यात हिंदी-इंग्रजी मिसळते. बाईंनी घरी फ्रेंच बोला असं सुचवलं. मराठी थांबवावी का?

थांबवू नका. तुम्हाला जी भाषा उत्तम येते तीच मुलीला द्या; तुमच्या मोडक्या फ्रेंचमधून ती फ्रेंच शिकणार नाही, मराठी मात्र जाईल. नव्या भाषेत पडलेली लहान मुलं काही महिने गप्प राहून ऐकत असतात. घरी ती पूर्ववत बोलते, खेळते, हट्ट करते, ही सर्वांत महत्त्वाची खूण. भाषा मिसळणं हा दोष नाही. ‘मला वॉटर चाहिए’ म्हणाली तर चूक न दाखवता ‘पाणी हवंय? हे घे पाणी’ एवढं म्हणा.

दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. दोन वर्षांच्या मुलाला सगळ्या भाषा मिळून सुमारे ५० शब्द आणि दोन शब्दांची वाक्यं यायला हवीत. तपासणाऱ्याने फक्त फ्रेंच शब्द मोजले तर मराठी शब्दांची यादी लिहून द्या. शाळेतलं मौन सहा महिन्यांपुढे गेलं, ती घरीही गप्प झाली, किंवा येत असलेले शब्द विसरू लागली, तर आधी कानांची तपासणी आणि मग वाचा-भाषातज्ज्ञ.

फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, त्यामुळे ‘थोडं थांबून घालू’ हा मार्ग नाही. तिला आधी अडीनडीचे शब्द द्या : शू, पाणी, दुखतंय, नको. शू लागली की ‘पिपी’, दुखलं की ‘जे माल’. हे दोन आले तरी दिवस निभावतो. बाईंना एका कागदावर मराठी ‘शू’, ‘पाणी’, ‘आई’ रोमन अक्षरांत लिहून द्या.

आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर ‘काय जेवलीस?’ पलीकडे संभाषण जात नाही. त्याऐवजी दोघांनी एकच काम करावं : तिकडे आजीने मटार सोलायचे, इकडे नातीने, एकच चित्र दोघांनी रंगवायचं. वाचनासाठी बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात, आणि १९७१ पासून निघणारं त्यांचं ‘किशोर’ मासिक थोडं पुढे उपयोगी पडेल. देवनागरी पाचव्या-सहाव्या वर्षी, रोज दहा मिनिटं. (मराठी शाळेतूनच मिळावी असं वाटत असेल तर मॉरिशसची नेमणूक मागा. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी विषय शिकवतात.)

ओस्लोतल्या बार्नेहागेत (बालवाडीत) बाळाच्या कमरेवर निळसर डाग दिसला म्हणून विचारणा झाली. डाग जन्मापासून आहे.

भारतीय बाळांत असे डाग अगदी सर्रास असतात आणि काही वर्षांत फिके होतात. पण ते मुका मार लागल्यासारखे दिसतात. नॉर्वेत मुलाला मारणं १९८७ पासून बेकायदा आहे आणि शंका आली तर कळवणं बालवाडीच्या कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. हेल्सेस्ताशोन, म्हणजे वस्तीतल्या बाल आरोग्य केंद्रात पहिल्याच भेटीत डागाची जागा आणि आकार नोंदवून घ्या आणि त्या नोंदीची प्रत बालवाडीला द्या. हे काम खरं तर प्रवेशाच्या दिवशीच करायचं.

काजळ घालणं बंद करा. त्यात शिसं सापडतं. गळ्यातला काळा दोरा फासाच्या भीतीने काढायला सांगतात, तोही काढा. आणि ड जीवनसत्त्व विसरू नका : रोज १० मायक्रोग्रॅम. नॉर्वेजियन घरांत त्यासाठी ५ मिलिलिटर कॉड माशाचं तेल देतात. शाकाहारी असाल तर थेंब मिळतात. आपल्या सावळ्या कातडीला तिथलं हिवाळ्यातलं ऊन पुरत नाही.

नैरोबीहून बदली झाली. चार वर्षांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाई तिथेच राहणार. मुलीला कधी सांगावं?

दोन-तीन आठवडे आधी. महिनोन्‌महिने आधी सांगितलं तर या वयात काळाचा अंदाज नसतो, रोज ‘आज जायचं?’ होतं. अगदी आदल्या दिवशी सांगितलं तर विश्वास जातो. बाईंचा निरोप समोरासमोर घेऊ द्या, रडू आलं तरी. झोपेत असताना निघून जाणं हा मोठ्यांच्या सोयीचा उपाय आहे. दोघींचा एकत्र फोटो छापून हातसामानात ठेवा आणि पहिला फोन कोणत्या वारी करायचा ते आधीच ठरवा.

समुद्रमार्गे जाणारं सामान दोन-तीन महिने लागू शकतं. तिची चादर, ताट-वाटी, चार पुस्तकं आणि रोजची खेळणी सोबतच्या बॅगेत. चादर निघण्याआधी धुऊ नका. ओळखीचा वास पहिल्या रात्री झोप आणतो.

ब्रुसेल्सला निघालो आहोत. बाळासाठी नाचणी सत्त्व, मेतकूट आणि घरचं तूप न्यायचं आहे. डिप्लोमॅटिक बॅगेज उघडत नाहीत ना?

सामान सहसा उघडत नाहीत, पण १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये बंदी असलेल्या आणि क्वारंटाइन नियमांत बसणाऱ्या वस्तू या सवलतीतून वगळल्या आहेत. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून आणता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, पनीर नाही. अपवाद बाळाच्या दूध पावडरीचा : कंपनीचं बंद पाकीट, फ्रिज न लागणारं, २ किलोपर्यंत. नाचणी सत्त्व आणि मेतकूट चालेल, पण सत्त्वात दुधाची भुकटी घातलेली नको. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत.

तूप तिथे घरी कढवा. बिनमिठाचं, ८२ टक्के स्निग्धांशाचं लोणी घ्या. २५० ग्रॅममधून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. मीठ असलेलं घेतलंत तर मीठ बेरीत खाली बसतं आणि बेरी मुलांना देण्याजोगी राहत नाही.